थेरपीच्या खोलीतला झोका कशासाठी?

“मूल अजून बोलत नाही, आणि तुम्ही त्याला झोक्यावर बसवता?” लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामे मुलाला स्वतः जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, हा प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो. मला तो पालकांपेक्षा आजी-आजोबांनी अधिक वेळा विचारला आहे, आणि तो अगदी रास्त आहे. आठवड्यातून दोन-तीनदा मुलाला घेऊन येणारी आई नोकरीतून रजा काढते, घरच्या खर्चाला कात्री लावून फी भरते. अशा वेळी आपल्या मुलाबरोबर नेमके काय केले जात आहे आणि का, हे तिला समजलेच पाहिजे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. स्वमग्नता (ऑटिझम), अतिचंचलता, हालचालींच्या समन्वयातील अडचण किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेल्या मुलाला समजून घेताना शरीरापासून सुरुवात करणे योग्यच असते, मात्र कोणत्याही उपचाराची किंमत त्या मुलाच्या जेवणात, आंघोळीत, शाळेत आणि खेळात काय बदलले यावरूनच ठरवली पाहिजे.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये शिकतो, पण बाळाच्या विकासात आणखी दोन जाणिवांचा वाटा फार मोठा असतो. त्यांतली एक तोलाची. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहानशा पिशव्या असतात. डोके वळले की नलिकांमधला द्रव हलतो, तर पिशव्यांमधले कॅल्शियमचे सूक्ष्म कण गुरुत्वाकर्षणाची आणि सरळ रेषेतील गतीची खबर मेंदूला देतात. मान हलत असतानाही फळ्यावरचे अक्षर स्थिर दिसते, ते याच यंत्रणेकडून डोळ्यांच्या स्नायूंना सतत संदेश जात असल्यामुळे. दुसरी जाणीव स्नायूंतून, कंडरांतून आणि सांध्यांतून येते. डोळे मिटलेले असताना आपला हात कुठे आहे हे कळणे, पेन्सिलचे टोक मोडणार नाही इतकाच दाब देणे, काठोकाठ भरलेला पेला न सांडता उचलणे, हे सारे तिच्या भरवशावर चालते. या दोन्ही जाणिवांचा स्पर्शाशी आणि दृष्टीशी नीट मेळ बसला नाही, तर मुलाची बरीचशी शक्ती निव्वळ बाकावर सरळ बसण्यात खर्च होते आणि बाई काय शिकवत आहेत याकडे द्यायला फारसे लक्ष शिल्लक राहत नाही. काही मुलांना बारीकसा स्पर्श किंवा आवाजही असह्य तीव्रतेने जाणवतो. काहींना शरीराकडून येणारी खबर इतकी पुसट मिळते की ती उड्या मारून, भिंतीवर आदळून, गरगर फिरून ती मिळवत राहतात. एकाच मुलात ही दोन्ही टोके असू शकतात, आणि झोप अपुरी झाली असेल, भूक लागली असेल किंवा ताप येऊन गेला असेल तर तेच मूल दुसऱ्या दिवशी वेगळे वागते. ‘सेन्सरी प्रॉब्लेम आहे’ एवढ्या एका वाक्यातून म्हणूनच काहीही कळत नाही. कोणती जाणीव, कोणत्या प्रसंगी, आणि त्यामुळे नेमके काय अडते, हे विचारावे लागते.

या विचाराला उपचाराचे रूप दिले ते कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या जीन एयर्स यांनी. त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या, शैक्षणिक मानसशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती, आणि १९७२ साली त्यांनी आपला ‘सेन्सरी इंटिग्रेशन’चा, म्हणजे संवेदनांच्या जुळणीचा, सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. आज हे नाव मुख्यतः स्वमग्नतेच्या संदर्भात घेतले जाते, पण एयर्स यांचे सुरुवातीचे काम अध्ययनात मागे पडणाऱ्या मुलांविषयी होते: बुद्धी चांगली आहे, शिकवले जात आहे, तरी वाचन, लेखन आणि हालचाल अडखळते, ते का? त्यांचे उत्तर असे होते की मूल स्वतः, काही हेतू मनात धरून, आव्हानाला सामोरे जाताना जी हालचाल करते तिच्यातूनच मेंदू या जाणिवांची जुळणी करायला शिकतो. यातला ‘स्वतः’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूल झोक्यावर पोटावर झोपले आहे, झोका पुढे-मागे जातो आहे, आणि त्याला जमिनीवरची वाळूची पिशवी उचलून टोपलीत टाकायची आहे. यासाठी त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध मान उचलून धरावी लागते, नजर टोपलीवर ठेवावी लागते, हात नेमका कधी सोडायचा याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि पहिली पिशवी बाहेर पडली तर पुढच्या वेळी काय बदलायचे हे ठरवावे लागते. थेरपिस्टचे काम असते ते टोपली इतकी दूर ठेवण्याचे की प्रयत्न करावासा वाटावा आणि तो साधावाही. मुलाला नुसते झोक्यावर बसवून कोणीतरी ढकलत राहणे याला एयर्स यांची पद्धत म्हणता येत नाही. प्रत्येक मुलाला दहा मिनिटे ट्रॅम्पोलिन, दहा मिनिटे ब्रशिंग (अंगावर मऊ ब्रश फिरवणे), दहा मिनिटे जॉइंट कम्प्रेशन (सांध्यांवर दाब देणे) अशा ठरावीक क्रमाने नेणे हेही तिच्यात बसत नाही. असे वेळापत्रक मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे, आणि पालकांना दाराबाहेर बसवून ते राबवले जाते तेव्हा मला ते फार खटकते.

पुराव्यांविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे, कारण आमच्या क्षेत्रात ‘याने सगळे बरे होते’ आणि ‘हे सगळे थोतांड आहे’ ही दोन्ही विधाने सारख्याच सहजतेने केली जातात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात चार ते आठ वर्षांच्या ३२ स्वमग्न मुलांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडले होते. एका गटाला दहा आठवड्यांत एयर्स यांच्या पद्धतीची ३० सत्रे मिळाली, दुसऱ्याचे नेहमीचे उपचार चालू राहिले. पहिल्या गटातील मुलांनी त्यांच्यासाठी ठरवलेली वैयक्तिक उद्दिष्टे अधिक चांगल्या प्रमाणात गाठली आणि स्वतःची कामे करताना त्यांना मोठ्यांची मदत कमी लागली. पुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये १३८ मुलांवर बरीच मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आणि त्यांत चिडचिड व अस्वस्थता या बाबतींत थेरपी घेणाऱ्या मुलांना इतरांपेक्षा काही जास्त लाभ झाल्याचे दिसले नाही. हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते: ‘वर्तन सुधारेल’ असे मोघम आश्वासन या उपचाराच्या बळावर कोणी देऊ नये, मात्र एका मुलासाठी एक नेमके उद्दिष्ट ठरवून, मुदत आखून काम केले तर काही हाती लागण्याची शक्यता आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच सांगितले होते की ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ (संवेदना हाताळण्यातील बिघाड) हे स्वतंत्र निदान म्हणून लावू नये, आणि अशी थेरपी व्यापक योजनेचा भाग म्हणून वापरायची झाल्यास तिच्या पुराव्याची मर्यादा व परिणाम तपासण्याची रीत पालकांना आधी समजावून द्यावी. भारतातल्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर हे लावावे असे मला मनापासून वाटते.

अंगावर दाब येऊन झोप चांगली लागावी म्हणून दिल्या जाणाऱ्या वजनदार पांघरुणाचा अभ्यासही मला उल्लेखनीय वाटतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत स्वमग्न मुलांना काही दिवस वजनदार आणि काही दिवस साधे पांघरूण दिले गेले. झोपेचे तास वाढले नाहीत. तरीही मुलांना आणि त्यांच्या पालकांना वजनदार पांघरूणच अधिक पसंत पडले. म्हणजे एखाद्या वस्तूने झोप वाढत नसली तरी ती मुलाला सुखाची वाटू शकते, आणि सुखाची वाटते एवढे कारण ती वापरायला पुरेसे आहे. केवळ झोपेचे आश्वासन देऊन ती विकू नये, तान्ह्या बाळावर कधीही घालू नये, आणि मोठ्या मुलाला ती स्वतः बाजूला सारता आली पाहिजे.

सेरेब्रल पाल्सीच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियातील आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन प्रत्येक उपचाराला सिग्नलप्रमाणे हिरवा (वापरावा), पिवळा (जपून, परिणाम तपासत) किंवा लाल (वापरू नये) रंग दिला. दुसऱ्याच्या हातांनी घडवून आणलेल्या हालचालींवर भर देणाऱ्या काही जुन्या पद्धती आणि सेन्सरी इंटिग्रेशन हे या मुलांसाठी लाल रंगात गेले. हिरव्यात आले ते चांगला हात काही काळ बांधून दुर्बल हाताला कामाला लावणे, दोन्ही हातांचा एकत्र सराव, मुलाने व कुटुंबाने ठरवलेल्या उद्दिष्टासाठी प्रत्यक्ष तीच कृती शिकणे, आणि घरी करायचा कार्यक्रम. एका निदानाच्या मुलांसाठी उपयोगी ठरू शकणारी पद्धत दुसऱ्या निदानाच्या मुलांना सरसकट देता येत नाही, हे या आढाव्यातून मी शिकले.

आता ज्या मुलांकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्यांच्याविषयी सविस्तर लिहायचे आहे. शाळकरी वयाच्या मुलांपैकी सुमारे ५ ते ६ टक्के मुलांना हालचालींच्या समन्वयाची विकासात्मक अडचण असते. तिला डिस्प्रॅक्सिया असेही म्हणतात. ही मुले बोलतात, वाचतात, हुशार असतात, पण त्यांना बूट बांधायला, सायकल चालवायला, चेंडू झेलायला आणि वेगाने लिहायला जमत नाही. देवनागरीत शिरोरेषा, काना, वेलांटी, रफार, जोडाक्षरे यांसाठी पेन्सिल पुन्हा पुन्हा उचलावी लागते आणि दर वेळी योग्य जागी टेकवावी लागते, त्यामुळे मराठी माध्यमातल्या अशा मुलाची वही पाहिली की त्याने किती कष्ट घेतले आहेत हे जाणत्या नजरेला लगेच दिसते. घरात आणि शाळेत मात्र ‘वेंधळा’, ‘आळशी’, ‘लक्षच नाही’ हे शब्द त्याच्या वाट्याला येतात.

या मुलांची तपासणी करण्याची बरीच साधने परदेशात तयार झालेली आहेत, आणि त्यांतल्या काहींमध्ये सुरीने पावाला लोणी लावता येते का असे प्रश्न असतात. आपल्याकडे विचारायला हवे ते पोळीविषयी. उजव्या हाताने पोळीचा घास तोडताना करंगळी आणि अनामिका पोळी ताटात दाबून धरतात, त्याच वेळी अंगठा, तर्जनी आणि मध्यमा तुकडा ओढून वेगळा करतात. म्हणजे एकाच हाताचे दोन भाग एकाच क्षणी परस्परविरुद्ध कामे करतात. नंतर त्या तुकड्याची घडी करून तिच्यात भाजी धरायची, ती न सांडता तोंडापर्यंत न्यायची. ही कौशल्याची फार वरची पायरी आहे आणि आपण ती कोणाला शिकवत नाही, कारण ती आपोआप येते असे आपण धरून चालतो. माझ्याकडे येणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलाला पोळी दोन्ही हातांनीच तोडावी लागे आणि त्याचे हात कोपरापर्यंत माखत, म्हणून तो शाळेत डबा खायचाच नाही. त्याच्या आईला अक्षर सुधारायला हवे होते. त्याला स्वतःला डबा खायचा होता. आम्ही डब्यापासून सुरुवात केली.

कॅनडात विकसित झालेल्या ‘को-ऑप’ नावाच्या पद्धतीत मुलाने स्वतः ध्येय ठरवायचे, योजना आखायची, करून पाहायचे आणि योजना चालली का हे तपासायचे असते. थेरपिस्ट उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. या अडचणीविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीही प्रत्यक्ष कृतीवर भर देणाऱ्या अशाच उपचारांच्या बाजूने आहेत. त्या मुलाने हात न्याहाळत बसून शेवटी आपली योजना शोधली: “आधी दाब, मग ओढ.” ताज्या मऊ पोळीवर ते जमल्यावर गार पोळीवर प्रयत्न झाला, नंतर भाजीसह, आणि मग वर्गात. अक्षराचे काम आम्ही पुढच्या तिमाहीत हाती घेतले आणि तिथेही तीच चार पावले वापरली. झोका या संपूर्ण कामात एकदाही लागला नाही, आणि तरीही हे काम संवेदनेचे आणि हालचालीचेच होते, कारण दाब आणि ओढ यांतला फरक बोटांना कळणे हाच त्याचा गाभा होता.

स्वमग्न मुलांकडे वळताना दोन तथ्ये लक्षात ठेवावीत. २०१३ पासून मानसोपचारतज्ज्ञांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत (डीएसएम) संवेदनांना दिलेला अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या निकषांत गणला जातो. तोपर्यंत तो तिथे नव्हता. आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील २०२० सालच्या एका अभ्यासात सहा वर्षांखालील स्वमग्न मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांना हालचालींच्या अडचणी आढळल्या, पण निदान करणाऱ्या डॉक्टरांनी अशी नोंद एक-दीड टक्क्यांहून अधिक मुलांच्या बाबतीत केलेली नव्हती. बोलण्यावर आणि नजरेला नजर देण्यावर सगळ्यांचे लक्ष असते, आणि जिना उतरायला घाबरणारे पाय कोणाच्या नोंदीत येत नाहीत.

१९९० च्या दशकापासून स्वमग्न व्यक्ती स्वतः सांगत आल्या आहेत की मेंदूंचे वैविध्य हे मानवी वैविध्यच आहे आणि त्यांना इतरांसारखे दिसायला लावणे हा मदतीचा हेतू असू नये. मी हे मान्य करते, आणि माझ्या कामात त्याचा अर्थ अगदी ठोस आहे. हात फडफडवणे, डोलणे, गुणगुणणे यांनी कोणाला इजा होत नसेल तर ते बंद करण्याचे उद्दिष्ट मी लिहून घेत नाही. पुष्कळदा मूल त्यातूनच स्वतःला सावरत असते. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न शास्त्रज्ञ महिलेने तरुणपणी गुरांना धरून ठेवणारी यंत्रचौकट पाहिली आणि तिच्यावरून स्वतःच्या शरीराला सर्व बाजूंनी दाब देणारे यंत्र बनवले. त्या यंत्राविषयी सगळे बोलतात, पण दाब किती असावा आणि कधी थांबावा हे ठरवणारा दांडा तिच्याच हातात होता, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. रडणाऱ्या मुलाला धरून ठेवून त्याच्या अंगावर ब्रश फिरवणे मला मान्य नाही, मग ते कोणत्याही सिद्धांताच्या नावाखाली चाललेले असो.

पुष्कळदा मुलाआधी परिसर बदलायला हवा. गणेशोत्सवातले ढोल-ताशे, मंगल कार्यालयातला कर्णा, कुकरची शिट्टी, मिक्सर, जरीच्या काठांचे टोचणारे कपडे, नरकचतुर्दशीच्या पहाटेचे खरबरीत उटणे: सणासुदीला ही मुले कोसळतात आणि नातेवाईक ‘लाडावलेला आहे’ म्हणून मोकळे होतात. एका कुटुंबाने उटणे मुलाच्याच हातात दिले आणि त्याने ते स्वतः, दाबून, हवे तितकेच लावले. हलका, ओझरता स्पर्श अनेक मुलांना घट्ट स्पर्शापेक्षा जास्त त्रास देतो, आणि स्वतःच्या हाताचा स्पर्श अनपेक्षित नसतो. विसर्जनाची मिरवणूक कानांवर आवाजरोधक हेडफोन घालून गच्चीवरून पाहिली तरी ती पाहिलीच जाते.

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानंतर मुंबईत स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले. ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला; विकासातील विलंब हा त्यातील चार मुख्य विभागांपैकी एक आहे, आणि पुढील मदतीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असतात. गरज किती आहे याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून येतो. देशातल्या पाच ठिकाणी ती झाली आणि त्यांत उत्तर गोवाही होता. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये मज्जाविकासाच्या (मेंदू व मज्जासंस्थेच्या विकासातील) अडचणींचे प्रमाण ठिकाणागणिक ६.५ ते १८.५ टक्के आढळले. इतक्या मुलांना पुरतील एवढे थेरपिस्ट तालुक्यांत नाहीत, त्यामुळे घरात काय करता येईल हे सांगणे ही माझ्या दृष्टीने थेरपीची मुख्य बाजू आहे. कणीक मळणे, झेपेल तेवढी भरलेली बादली उचलणे, गाद्या घालणे-काढणे, फुगडी, आणि जवळ तालीम असेल तर मल्लखांब, या सर्वांत स्नायूंना आणि सांध्यांना भरपूर काम मिळते. त्यांना ‘सेशन’चे रूप देऊन आईच्या माथ्यावर आणखी एक तक्ता मारू नये, एवढीच माझी विनंती असते. मुलाला घरच्या कामात जागा मिळणे हाही लाभच आहे.

शेवटी एक गोष्ट जी पालकांना क्वचितच माहीत असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत, आणि त्यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा नावानिशी उल्लेख आहे. प्रत्यक्षात प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीचा भर वाचन, लेखन आणि गणित यांवर असतो, त्यामुळे हाताच्या हालचालीमुळे मागे पडणारे मूल ‘सगळे ठीक आहे’ या शेऱ्यासह परत येण्याची शक्यता असते. म्हणून तपासणीला जाताना लिहिण्याचा वेग, पेन्सिलची पकड, किती वेळाने हात दुखू लागतो आणि तेच उत्तर तोंडी विचारल्यावर मूल किती सांगते, याची नोंद असलेला ऑक्युपेशनल थेरपिस्टचा लेखी अहवाल सोबत न्यावा, कायद्यातील त्या व्याख्येची प्रत त्याला जोडावी, आणि हे सर्व दहावीच्या वर्षापर्यंत न थांबता चौथी-पाचवीतच करावे.